धुऱ्यावरची अपराजिता

गोकर्णीचं बी मातीत टाकलं, पाणी घातलं, महिनाभर वाट पाहिली आणि काहीच वर आलं नाही, ही तक्रार दर पावसाळ्यात ऐकू येते. बी खराब नसतं. उकरून पाहिलं तर ते जसंच्या तसं सापडतं, कडक आणि चकचकीत, जणू कालच टाकलंय. पाणी त्याच्या आत गेलेलंच नसतं. त्याचं टरफल ओल शोषत नाही. उन्हातान्हात, गुरांच्या खुरांखाली, काळ्या मातीच्या भेगाळण्यात नि मिटण्यात ते झिजतं तेव्हा कुठे ओल आत शिरते. म्हणून एकाच शेंगेतलं एक बी यंदा उगवतं, दुसरं पुढच्या साली, तिसरं त्याच्याही पुढच्या. पावसानं एक वर्ष दगा दिला काय की दोन वर्षं दिला काय, धुऱ्यावरची, म्हणजे वावराच्या बांधावरची, वेल संपत नाही. तिला अपराजिता का म्हणतात याचं उत्तर पोथीत शोधायच्या आधी या टरफलात शोधावं.

आपल्याला मात्र ती यंदाच हवी असते, आणि श्रावणाच्या आत हवी असते. पेरल्यापासून पहिलं फूल यायला सहा ते आठ आठवडे लागतात. मृगाच्या पावसावर, म्हणजे जूनच्या मध्यावर पेरली तर फुलं ऑगस्टमध्ये. पहिल्याच श्रावणी सोमवारी महादेवाला वाहायची असतील तर मेच्या मध्यालाच रोपं करायला घ्यावी लागतात. जुलैत जाग आली तर श्रावण गेला, पण नवरात्र हातात आहे.

बी हातात घ्या. मुगाहून मोठं, किंचित चपटं, काळपट तपकिरी, आणि एका कडेला पांढरट टिकली. तो त्याचा डोळा. कोंब तिथूनच निघतो, त्याला धक्का लावायचा नाही. डोळ्याच्या बरोबर विरुद्ध बाजू पॉलिश पेपरवर, नाहीतर सिमेंटच्या ओट्यावर, चार-पाच वेळा घासा. काळं टरफल जाऊन आतला फिका पिवळसर रंग टिकलीएवढा दिसला की थांबा. त्याच्या आत घासलं तर डाळ दुखावते आणि बी ओल्या मातीत कुजतं. नखं कापायच्या कटरनं तीच बाजू हलकेच टोकरली तरी चालतं. मग कोमट पाण्यात रात्रभर, दहा-बारा तास. सकाळी वाटीत दोन जाती दिसतील: फुगून दुप्पट झालेल्या बिया आणि तशाच कडक राहिलेल्या. फुगलेल्या लगेच पेरा. कडक राहिलेल्या पुन्हा घासून पुन्हा भिजवा. त्यांना तसंच मातीत टाकणं म्हणजे पुढच्या वर्षाची पेरणी आज करणं.

बिया शंभर-दोनशे असतील तर एकेक घासत कोण बसणार? पाणी खळखळ उकळा, चुलीवरून उतरवा, दोन मिनिटं थांबा आणि बियांच्या चौपट पाणी त्यांच्यावर ओतून रात्रभर झाकून ठेवा. पातेलं चुलीवरच ठेवून बिया उकळल्या तर त्या मेल्याच समजा. गरम पाण्याने सगळ्याच फुगत नाहीत, पण कुंपणासाठी तेवढ्या पुरतात.

गोकर्णीचं सोटमूळ खोल जातं आणि लवकर जातं. चार पानांचं रोप दिसतं तेव्हा खाली वीतभर मूळ गेलेलं असतं. म्हणून काळ्या पिशवीतलं मोठं रोप आणून, पिशवी फाडून, मुळाची गुंडाळी तशीच खड्ड्यात ठेवली की वेल महिनाभर रुसून बसते. शक्यतो जागेवरच पेरावं. आधी रोपं करायची असतील तर पळसाच्या पानांचे खोल द्रोण घ्या, दोन-दोन एकात एक बसवा आणि बुडाला काडीनं एक भोक पाडा. त्यात निम्मी माती नि निम्मं जुनं शेणखत भरून प्रत्येकात एक फुगलेलं बी दोन सेंटिमीटर खोल टोचा. उन्हाळ्यात पळसाला नवी पानं आलेली असतात, द्रोण करायला हीच पानं चांगली. तीन-चार आठवडे द्रोण टिकतो, नंतर पावसाबरोबर रोपासकट तसाच खड्ड्यात जातो आणि कुजून जातो. मुळाला हात लागत नाही. प्लॅस्टिकचे चहाचे कप वापरणारे पुष्कळ आहेत, पण कप काढताना माती सुटते आणि सगळी मेहनत तिथेच सांडते.

उगवायला पाच ते आठ दिवस. काळ्या भारी जमिनीत एक अडचण हमखास येते: पेरल्यावर जोराचा पाऊस पडला, मागोमाग ऊन पडलं की वर पपडी धरते आणि कोंब खालीच दुमडतो. म्हणून बी टोचल्यावर वरून काळी माती ओढू नका. मूठभर चाळलेलं शेणखत किंवा बारीक वाळू टाका. पपडी धरलीच तर संध्याकाळी झारीनं थोडं पाणी शिंपडून काडीनं हलकेच मोडा.

जमिनीचं म्हणाल तर आपली काळी जमीन हिला मानवते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये अशाच चिकण काळ्या जमिनीत गोकर्णी गुरांच्या कुरणासाठी आणि जमिनीचा कस भरून काढण्यासाठी मुद्दाम पेरतात. अट एकच: पाणी साचता कामा नये. न्हाणीचं पाणी जिथे मुरतं तिथे लावलेली वेल जुलै-ऑगस्टच्या झडीत खालून पिवळी पडत जाते, खोड मातीलगत काळं पडतं आणि एका आठवड्यात मर लागते. लागलेली मर औषधानं परत फिरत नाही. तिथे आधीच वीतभर उंच वरंबा करा आणि वरंब्यावर लावा. बरड मुरमाड जमिनीत उलट सोपं असतं. हातभर खोल खड्डा, त्यात पाटीभर शेणखत, आणि पहिलं वर्ष पाण्याची थोडी काळजी.

कुंडीत लावायची असेल तर निदान बारा इंची घ्या आणि एका कुंडीत दोनच वेली ठेवा. नुसती काळी माती कुंडीत कधी भरू नका. ती ओली असताना श्वास कोंडते आणि सुकली की कडेनं सुटून पाणी सरळ खाली जातं, मुळाला थेंब मिळत नाही. दोन भाग वावरातली माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू किंवा बारीक मुरूम. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात कुंडीला बोअरचं पाणी घालत राहिलं की मातीवर पांढरा थर येतो, पानांच्या कडा जळाल्यासारख्या होतात. पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवून दोन-तीन मोठ्या पावसांत क्षार धुऊन जाऊ द्यावेत, उन्हाळ्यात जमेल तेवढं साठवलेलं गोडं पाणी द्यावं.

आता खत. गोकर्णी मारण्याचा सगळ्यात प्रेमळ मार्ग म्हणजे युरिया. ही तूर-चवळीच्या कुळातली. हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींत स्वतः साठवते. वर नत्र घातलं की पानांचा हिरवागार ढीग वाढतो, फूल शोधावं लागतं. एखादं जादा रोप उपटून मुळं धुऊन पाहा. मोहरीपासून ज्वारीएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी-लालसर असेल तर काम चालू आहे. हिरवट किंवा राखाडी असेल तर नाही. गाठीच नसतील, विशेषतः कुंडीत, तर जुन्या गोकर्णीखालची नाहीतर चवळीच्या वावरातली दोन मुठी माती आणून मिसळा, बाकी काम तिच्यातले जिवाणू करतात. लावताना शेणखत, फुलं यायच्या सुमाराला चुलीची मूठभर राख आणि चमचाभर सुपर फॉस्फेट, एवढं वर्षाला पुरे. चुनखडीच्या जमिनीत नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. लिटरभर पाण्यात तीन ते पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी फवारावं, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. त्यासाठीही लोक युरियाच टाकतात.

वेल स्वतःच्या खोडानं पीळ घालत चढते. तिला काकडीसारखे ताणे नसतात. त्यामुळे जाड खांब, सिमेंटची भिंत तिच्या कामाची नाही. सुतळी, तार, बारीक काडी हवी. तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, सगळ्यात उत्तम. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, मात्र वापरू नका. त्यांच्यावर राहिलेल्या न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते, आणि घराजवळ पऱ्हाट्यांचा मांडव म्हणजे पुढच्या हंगामाला आपणच आवतण दिल्यासारखं. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, म्हणजे बुडापासून तीन-चार फांद्या फुटतात. न खुडलेली वेल एका दोरीनं आठ-दहा फूट वर जाते आणि सगळी फुलं कवेलूवर, हाताला येत नाहीत. सहा तास ऊन लागतंच. निंबाच्या दाट सावलीत ती जगते, फुलत नाही.

फूल येतं नव्या वाढीवर, पानाच्या बेचक्यात, एका बेचक्यात बहुधा एकच. सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटतं, दुसऱ्या दिवशी त्याचं फूल म्हणून काही उरत नाही. तुरीचं फूल शेजारी धरून पाहिलं तर गंमत दिसते. तुरीची मोठी पाकळी वर, मागे उभी असते; गोकर्णीचं फूल उलटं फिरलेलं असतं, मोठी पाकळी खाली पसरलेली आणि मधली पांढरी-पिवळी खूण भुंग्याला उतरायची जागा दाखवत असते. ती पसरलेली पाकळी गाईच्या कानासारखी, म्हणून गोकर्ण. कर्नाटकातल्या गोकर्ण महाबळेश्वराशी तिचा संबंध लावतात, पण नाव आकारावरून आलंय हे फूल पाहिल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

आणि रोज फूल हवं असेल तर एक गोष्ट कठोरपणे करावी लागते: शेंग धरू द्यायची नाही. बहुतेक फुलांत उमलण्याआधीच परागीकरण झालेलं असतं, त्यामुळे न तोडलेलं जवळजवळ प्रत्येक फूल शेंग होतं. पाच-सहा शेंगा भरायला लागल्या की वेलीचा जीव बियात जातो आणि नव्या कळ्या थांबतात. 'आधी खूप फुलत होती, आता नुसती शेंगाच' याचं कारण हेच. रोज सकाळी पूजेला फुलं तोडणाऱ्या घरची वेल दिवाळीपर्यंत फुलते ती देवाच्या कृपेनं म्हणा किंवा खुडणीमुळे म्हणा, दोन्हीत भांडण नाही.

पूजेचे नियमही या फुलाला नेमके बसतात. शिळं फूल वाहू नये, हे बेलाला लागू नाही, गोकर्णीला पूर्ण लागू आहे. कळी वाहू नये असंही आहे. सूर्यास्तानंतर तोडू नये, तर तेव्हा ती मिटलेलीच असते. सकाळी सात-आठच्या सुमाराला, दव उतरल्यावर, देठासकट तोडा. कोरड्या टोपलीत उन्हात ठेवली तर तासाभरात मान टाकते. ओल्या मलमलच्या फडक्यात सैल गुंडाळून माठाशेजारी ठेवली तर दुपारपर्यंत तग धरते. चिंब ओली करू नका, पाकळी पारदर्शक होऊन डागाळते.

दुपारपर्यंत कशाला हवी, तर दसऱ्याला. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांच्या धर्मसिंधूत (१७९०) विजयादशमीच्या कृत्यांत अपराजितापूजन पहिलं सांगितलंय. शमीपूजन, सीमोल्लंघन त्याच्या जोडीला. आपल्याकडे आपट्याचं सोनं राहिलं, काही गावांत शमी राहिली, अपराजिता बहुतेक घरांतून सुटली. विधी छोटा आहे. अपराह्णी, म्हणजे साधारण दीड ते पावणेचारच्या दरम्यान, गावाच्या ईशान्येला स्वच्छ जागा सारवून चंदनानं अष्टदल काढायचं. मध्यभागी 'अपराजितायै नमः' म्हणून देवीचं आवाहन, तिच्या उजवीकडे जया 'क्रियाशक्त्यै नमः', डावीकडे विजया 'उमायै नमः'. षोडशोपचार किंवा साधी पंचोपचार पूजा आणि विसर्जन. नीट पाहिलं तर इथे पूजा देवीची आहे, वेलीची नाही. वेल त्या नावानं आत आली. बंगालात मात्र विजयादशमीला अपराजितेची वेलच हातावर बांधतात, ती तिथली जिवंत चाल आहे. आपल्याकडे देवीला निळ्या फुलांची ओंजळ आणि मनगटाला वेलीचा एक पीळ, एवढं जमलं तरी सोनं लुटायला निघण्याआधी सुटलेला धागा हाताला लागतो.

गणपतीच्या एकवीस पत्रींत 'विष्णुक्रांता' आहे, तिथे दरवर्षी वाद होतो. आयुर्वेदातल्या भावप्रकाश निघंटूत गिरिकर्णी, विष्णुक्रांता, अपराजिता ही एकाच वनस्पतीची नावं दिली आहेत, म्हणजे गोकर्णी. पण बरड रानात जमिनीवर पसरणारी, बारीक लोमश पानांची आणि टिकलीएवढ्या निळ्या फुलांची एक वनस्पती असते, तिलाही विष्णुक्रांताच म्हणतात. ओळखायला सोपं: गोकर्णीच्या एका देठावर पाच ते सात पानं जोडीजोडीनं आणि एक टोकाला, दुसरीचं पान एकटं, लहान. आमचं मत विचाराल तर जी घरच्या कुंपणावर आहे ती वाहा आणि वाद गुरुजींवर सोडा.

रंगाचाही अर्थ लावला जातो. निळी फुलं नीलकंठाला, शनिवारी शनीला. पांढरी पुष्कळ ठिकाणी फक्त महादेवाला. पुदुच्चेरीच्या श्रीअरविंद आश्रमात श्रीमाताजींनी फुलांना आध्यात्मिक नावं दिली, त्यात गोकर्णीचं नाव 'राधेची चेतना' आहे. शाक्त परंपरेत हे फूल देवीचं, कारण त्याचा आकार स्त्रीशक्तीच्या उगमस्थानाचा मानतात. स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं १७५३ साली या फुलाला 'क्लिटोरिया टर्नेटिया' हे शास्त्रीय नाव दिलं तेव्हा त्यालाही नेमकं तेच साम्य दिसलं होतं, आणि नंतरच्या काही युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांना त्या नावाची फार लाज वाटली. नावाचा दुसरा भाग इंडोनेशियातल्या तर्नाते बेटावरून आलाय.

पांढरी जात पांढरीच ठेवायची असेल तर थोडी काळजी हवी. दोन्ही रंग शेजारी शेजारी असले की भुंगे कधीमधी संकर घडवतात आणि पुढच्या पिढीत निळी किंवा फिकट जांभळी निघते. बियासाठी एखादी फांदी निवडा, उद्या उमलणाऱ्या कळीवर आदल्या संध्याकाळी मलमलची लहान पिशवी बांधा, शेंग धरली की सोडा. दुहेरी पाकळ्यांच्या जातीचंही असंच. कलमं लागतात, पण कमी लागतात. बी असताना तो खटाटोप कशाला.

कीड म्हणाल तर पऱ्हाटीच्या वावराला लागून असलेल्या वेलीवर ऑगस्टपासून पांढरी माशी आणि मावा येतोच. पानाखाली पाहायची सवय ठेवा. पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यानं गाळा, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारा. पाच टक्के अर्क म्हणतात तो हाच. पानं हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांची, आखूड नि वाकडी झाली तर तो विषाणू, पांढऱ्या माशीनं आणलेला. ती वेल उपटून टाका, बाकीच्या वाचतील. दिवाळीनंतर पानांवर भुरी येते. तेव्हा हंगाम सरत आलेलाच असतो, फार मनावर घेऊ नये. एप्रिल-मेमध्ये पानं तांबूस, निस्तेज, खाली बारीक जाळी दिसली तर लाल कोळी; नुसत्या पाण्याचा जोराचा फवारा दोन-तीन दिवस पानाखालून मारला तरी पुष्कळ आटोक्यात येतो. आणि पानं एका रात्रीत पिळवटली, शेंडे वाकले, तर कीड शोधत बसू नका. धुऱ्यावर कुणीतरी तणनाशक मारलंय आणि वाऱ्यानं ते इकडे आलंय.

यात एक विसंगती आहे. पऱ्हाटी वाचवायला ज्या धुऱ्यावरून गोकर्णी उपटून टाकली जाते किंवा औषधानं जाळली जाते, त्याच गोकर्णीच्या अर्कापासून ऑस्ट्रेलियात कापसावर फवारायचं कीटकनाशक तयार झालंय. या वेलीत सायक्लोटाइड नावाची, कड्यासारखी बंद झालेली प्रथिनं असतात, ती किडीला मानवत नाहीत. याचा अर्थ घरी पाला वाटून फवारला की बोंडअळी जाईल असा कुणी काढू नये. तो अर्क काढण्याची, मोजण्याची पद्धत वेगळी आहे, आणि पातेल्यातल्या काढ्याच्या भरवशावर एकरभर पऱ्हाटी सोडणं परवडणारं नाही. धुऱ्यावर दहा फूट जागा तिला राहू द्या, एवढंच म्हणणं आहे.

निळ्या चहाचं खूळ अलीकडे खेड्यांपर्यंत आलंय, म्हणून वाळवण्याबद्दल. फवारा मारलेल्या वेलीची फुलं यासाठी घेऊ नयेत, मग तो कोणताही असो. सकाळी तोडा, बुडाचा हिरवा भाग काढा, सावलीत धोतराच्या फडक्यावर एकेरी पसरा. ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन-तीन दिवसांत पाकळी चुरचुर वाजते. पावसाळ्यात पंख्याखाली वाळवा, नाहीतर बुरशी. शंभर ग्रॅम ताज्या फुलांची जेमतेम आठ-दहा ग्रॅम होतात, तेव्हा भाव ऐकून लगेच हिशेब मांडू नका. पाच-सहा फुलं कपभर गरम पाण्यात टाकली की निळं, लिंबू पिळलं की जांभळं, सोडा टाकला की हिरवट. चवीला तसं काहीच नाही. मलेशियात या फुलांच्या पाण्यात भात शिजवतात, तोही रंगासाठीच.

औषधाच्या बाबतीत दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. बाजारात 'शंखपुष्पी' म्हणून जे मिळतं ती आयुर्वेदाच्या अधिकृत औषधकोशाप्रमाणे वेगळी वनस्पती आहे. केरळात मात्र त्या नावानं गोकर्णी वापरतात, त्यातून घोळ होतो. गोकर्णीचं मूळ आणि बी रेचक आहे, मुलांच्या हाती शेंगा लागू देऊ नयेत, गरोदर बाईनं मूळ-बी घेऊ नये. दुसरं, पांढऱ्या गोकर्णीच्या मुळीनं सापाचं विष उतरतं, ही समजूत गावोगाव आहे. उतरत नाही. साप चावलेल्या माणसाला मुळी उगाळत न बसता सरळ सरकारी दवाखान्यात न्यावं, प्रतिविष तिथे मिळतं. ती दाराशी लावली की साप येत नाही हेही खोटं. उलट बुडाशी दाट गचपण झालं की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. जमिनीपासून फूटभर वेल मोकळी ठेवा.

बकऱ्या आणि गुरं हिचा पाला आवडीनं खातात. चाऱ्यासाठी कापायची तर फुलं सुरू होताना, जमिनीपासून वीतभर ठेवून. पावसाळ्यात दोन कापण्या सहज मिळतात. कुटाराबरोबर मिसळून दिलेली बरी.

डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाढ थांबते, पानं गळतात. वेल मेली समजून उपटू नका. फेब्रुवारीच्या शेवटी फूट-दीड फुटावर छाटा, बुडाशी ओंजळभर शेणखत आणि सोयाबीनच्या कुटाराचा दोन इंच थर द्या. जमिनीतल्या वेलीला एप्रिल-मेमध्ये आठ-दहा दिवसांनी एक पाणी पुरतं, कुंडीला रोज सकाळी. पाणी नाहीच दिलं तर ती वरून वाळते आणि मृगाच्या पहिल्या ओलीवर मुळातून फुटते.

बी धरायचं ते दसऱ्यानंतरच्या शेंगांचं. हिरवी चपटी शेंग वाळल्या गवताच्या रंगाची झाली, आतलं बी हलवल्यावर वाजायला लागलं की सकाळीच तोडा, कागदी पिशवीत तोंड बांधून उन्हात ठेवा. दुपारी पिशवीत टकटक आवाज येईल. शेंगेच्या दोन्ही फाका उलट्या पिळल्या जातात आणि सहा ते दहा बिया फेकल्या जातात. वेलीवरच राहून गेलेल्या शेंगाही अशाच तडकतात, आणि त्यांचं बी कुठे हातभर, कुठे दोन हात लांब धुऱ्यावर जाऊन पडतं. ते वेचत बसू नका. त्यातलं कोणतं कोणत्या साली उगवायचं ते टरफल ठरवेल.